रिकामं वर्ष

पासष्टी गाठलेल्या माणसाने पहाटे पाचला उठून दुसऱ्यांची पोरं शाळेत नेऊन सोडू नयेत, असं बॅरी ऑक्सलीचं स्पष्ट मत होतं. पण मताला विचारतो कोण! गजर वाजला की उठायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, डावा गुडघा कुरकुरला की त्याला एक अस्सल यॉर्कशरी शिवी हासडायची आणि निघायचं. एकतीस वर्षं ॲल्युमिनाच्या कारखान्यात भट्टीपुढे काढली. कारखाना बंद पडला, हातात आलेला पैसा घराच्या कर्जाने गिळला आणि म्हातारपणी वाट्याला शाळेची बस आली. विलायतेपासून पार दुनियेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या या रॉकिंगहॅममधला एकेक खड्डा त्याच्या कमरेला पाठ झाला होता.

सुटायला वाट एकच होती आणि ती विलायतेतून येत होती. सोळाव्या वर्षी बॅरी कोळशाच्या खाणीत उतरला आणि खाण बंद पडल्यावर अठ्ठाविसाव्या वर्षी देश सोडून इकडे आला. त्या बारा वर्षांवर तिकडचं सरकार पेन्शन देणार ते चिमूटभर. पण पुढची गेलेली वर्षं इकडून पेन्शनचे ऐच्छिक हप्ते पाठवून भरून काढता येत होती. भरली तर पेन्शन दुपटीच्या वर जाणार आणि सप्टेंबरात, वाढदिवसाला, बस कायमची सोडता येणार. फक्त जुनी वर्षं भरायची मुदत पाच एप्रिलला संपत होती. त्यानंतर दार बंद. मग बॅरी आणि बस, गुडघे साथ देतील तोवर.

आणि मार्च अर्धा सरला तरी बॅरीचा अर्ज घरातच होता.

बरं, अर्ज भरायला माणूस नव्हता असंही नाही. रॉकिंगहॅममध्ये दगड मारला तर तो विलायतेहून आलेल्याच्याच डोक्यात पडतो, आणि त्यातल्या निम्म्यांचे अर्ज नेव्हिलने भरले होते. नेव्हिल म्हणजे बॅरीचा मेहुणा, पॉलीनचा थोरला भाऊ. तिकडे हॅगथॉर्पला, बॅरीच्याच खाणीत, तो युनियनचा चिटणीस होता. खाण बंद झाल्यावर तोच आधी इकडे आला आणि मग एकेक करून गावची सहा-सात बिऱ्हाडं ओढून आणली, त्यात बॅरीचंही. एक्काहत्तरी आली तरी नेव्हचा चिटणीसपणा काही गेला नव्हता. दर शनिवारी लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबात पंख्याखालचं टेबल त्याचं. तिकडच्या कार्यालयाचा फोन लागायला दीड तास लागतो, तर हा दीड तास कानाला फोन लावून बसायचा, आणि तेही दुसऱ्याच्या पेन्शनसाठी. स्वतःचं पेन्शन सुरू झालं त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच राहिलेलं. इकडे राहणाऱ्यांना वाढ मिळत नाही, त्यावर तो रोज शिव्या देई आणि तरी दुसऱ्यांना पेन्शन मिळवून देई.

या टेबलाची एक रीत होती. कुणाचं हप्त्यांचं पत्रक आलं की नेव्ह ते मोठ्याने वाचायचा. मागच्या शनिवारी खाणीतल्या जुन्या सोबत्याचं, टेरीचं आलं.

"ब्याऐंशी-त्र्याऐंशी, वर्ष पूर्ण. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी, वर्ष पूर्ण." नेव्हने चष्मा वर सरकवला, सगळ्यांकडे पाहिलं. "चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी..."

सगळे तळवे उचलून तयार.

"वर्ष अपूर्ण!"

धाड, धाड, धाड! तीनदा टेबल वाजलं, बिअरचे ग्लास नाचले. चौऱ्याऐंशीच्या मार्चपासून पुढच्या मार्चपर्यंत अख्खं वर्ष खाणकामगारांचा संप चालला होता. पगार नाही, म्हणून हप्ता नाही, म्हणून पत्रकावर ती ओळ रिकामी. इतकं जुनं वर्ष आता कितीही पैसे मोजून भरता येत नव्हतं आणि भरावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं पदकच ते! टेरीने तर तेवढी ओळ मोठी करून फ्रेममध्ये लावायचं ठरवलं.

"बॅरीचं पत्रक काय चालत येतंय का रे?" टेरी म्हणाला.

"पोहत येतंय," बॅरी म्हणाला. "वाटेत शार्कने धरलंय."

सगळे हसले. बॅरीही हसला. टेबल त्यानेही वाजवलं होतं, सगळ्यांपेक्षा जोरात. तळहात अजून झोंबत होता.

कारण बॅरीचं वर्ष पूर्ण होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बॅरीची चाळीस वर्षं झाकलेली होती आणि आतून घामेजलेली होती. झालं होतं असं, की त्या नोव्हेंबरात त्याची नऊ महिन्यांची मुलगी, गेल, छातीने आजारी पडली. घरात जाळायला कोळसा नाही. खाणवाल्याच्या घरात कोळसा नाही, आता बोला! कपाटाच्या फळ्या जाळून झाल्या. तेव्हा बॅरीने पॉलीनला सांगितलं, लिंकनशरला बीट उपटायचं काम मिळतंय, रोख पैसे, येतो जाऊन. आणि गेला तो ट्रेंट नदीच्या एका धक्क्यावर. तिथे परदेशी कोळसा उतरत होता आणि संपकऱ्यांच्या गर्दीतून तो बाहेर काढायला ड्रायव्हर हवे होते. ट्रकच्या काचेला जाळी, मालकाच्या नावावर रंग फासलेला, ड्रायव्हरच्या तोंडाला मफलर. मालक मात्र कायद्याला धरून वागणारा, दर आठवड्याला बॅरीचा हप्ता इमानेइतबारे भरत गेला.

जानेवारीतल्या एका सकाळी फाटकावर पोलिसांनी रेटून धरलेल्या माणसांत नेव्ह होता. थंडीने लालबुंद झालेला, जाळीकडे सरळ बघत, शिरा ताणून ओरडत, "संपफोड्या!" आत कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. बॅरीने ॲक्सिलेटर दाबला.

हॅगथॉर्पमध्ये संपफोड्याला माफी नव्हती. संप मिटायच्या पाच दिवस आधी कामावर गेलेला एक जण पुढे वीस वर्षांनी वारला, तर त्याच्या पेटीला खांदा द्यायला गावचा एक माणूस आला नाही. ही गोष्ट नेव्हच सांगायचा, आणि सांगताना त्याच्या आवाजात दयेचा लवलेश नसे.

यंदाच्या जानेवारीत बॅरीने ठरवलं, नेव्हला कळायच्या आत आपणच गुपचूप अर्ज भरून टाकू. शेडमध्ये बसून भरला. कोणत्या वर्षी कुठे काम केलं ते एकेक करून लिहायचं होतं. चौऱ्याऐंशीचा रकाना आला आणि हाताने आपोआप लिहिलं: खाण, संपावर, पगार नाही. चाळीस वर्षं जे तोंडाने सांगत आला तेच कागदावर उतरलं. बॅरीने ते वाचलंही, आणि त्यात काही चुकलंय असं त्याला वाटलंसुद्धा नाही. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा.

पाच आठवड्यांनी अर्ज परत आला. सोबत पत्रक आणि एक पत्र: "आमच्या नोंदीनुसार १९८४-८५ हे वर्ष पूर्ण असून हप्ते 'अर्न्शॉ आणि मुलगे, मालवाहतूक' यांच्याकडून जमा झाले आहेत. आपण दिलेली माहिती याच्याशी जुळत नाही. कृपया दुरुस्त अर्ज पाठवावा."

करायचं काय होतं? तेवढे चार शब्द लिहायचे आणि पाकीट टपालात टाकायचं. तीनदा बॅरी पेन घेऊन शेडमध्ये बसला. तीनदा बसला आणि तीनदा गवत कापायचं यंत्र पुसून बाहेर आला. त्याच्या हाताने ते नाव लिहवेना. शेवटी पाकीट मासेमारीच्या डब्यात शिशाच्या गोळ्यांखाली सारलं आणि वर झाकण लावलं.

रविवारी दुपारी तो बसमध्ये सांडलेलं पोरांचं सरबत धुऊन घरी आला, तर स्वयंपाकघरात ओव्हनची भट्टी पेटलेली. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि ही बाई रोस्ट करतेय! पंचवीस डिसेंबर असो की मार्चमधला रविवार, पॉलीनच्या घरी मांस, बटाटे आणि ग्रेव्ही याला पर्याय नव्हता.

"तीन ताटं?" बॅरीने विचारलं.

"नेव्ह येतोय. तुझ्या अर्जाचं बघायला."

"कुणी सांगितलं त्याला?"

"मी."

"मला न विचारता?"

"तुला विचारून काय होतं? जानेवारीपासून विचारतेय. 'बघतो' म्हणतोस. बघत बघत एप्रिल येईल आणि मग बस जन्मभर हाक. रात्री कूस बदलताना कण्हतोस, ते मला ऐकू येत नाही वाटतं?"

"पत्रक आलं नाहीये अजून," बॅरी म्हणाला.

पॉलीनने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बटाटे उलटायला लागली.

नेव्ह आला तो आपली जुनी चामडी पिशवी घेऊन. आल्या आल्या बॅरीच्या पाठीवर थाप मारली. "काय रे आळशा! अख्ख्या हॅगथॉर्पचे अर्ज गेले, घरचाच तेवढा राहिला. लोक म्हणतील, चिटणिसाच्या मेहुण्याचंच काम होईना."

"आधी जेव," बॅरी म्हणाला.

"आधी काम. पत्रक कुठाय?"

"तेच तर, आलं नाही..."

"हे घे, नेव्ह," पॉलीन म्हणाली आणि तिने एप्रनच्या खिशातून ते पाकीट काढून भावापुढे ठेवलं. "शेडमध्ये होतं."

पाकिटाला माशांच्या आमिषाचा वास येत होता. पॉलीन ताटं वाढायला वळली. तिचा चेहरा दिसेना.

नेव्हने पत्रक उलगडलं. बोट एकेक ओळ खाली सरकत गेलं. "ऐंशी, पूर्ण. एक्याऐंशी, पूर्ण..." सवयीने त्याने डावा तळवा टेबलावर मारायला उचलला. "चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी..."

तळवा तसाच वर राहिला. नेव्हने ओळ पुन्हा वाचली. मग पत्र वाचलं. मग तळवा हळूच खाली, टेबलक्लॉथवर ठेवला.

"गाढव आहेत लेकाचे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचे तरी हप्ते तुझ्या नावावर चढवलेत. आणि कुणाचे, तर अर्न्शॉच्या ड्रायव्हरचे! थांब, उद्याच फोन लावतो. चौकशी करायला लावू. असा डाग तुझ्या नावावर राहू द्यायचा नाही."

"किती दिवस लागतील?" पॉलीनने पाठमोरीच विचारलं.

"तीन-चार महिने."

"आणि मुदत?"

"मुदत गेली खड्ड्यात! संपफोड्याचा शिक्का कपाळावर घेऊन हा पेन्शन खाणार आहे का? विचार त्याला. काय बॅरी?"

हो म्हणायचं होतं फक्त. पेन्शन जाईल, बस राहील, पण शनिवार राहील, टेबल राहील, नेव्ह राहील. बॅरीने तोंड उघडलंसुद्धा. पण समोर हा एक्काहत्तर वर्षांचा माणूस, कानाला फोन लावून दीड-दीड तास बसणार, तिकडच्या पोरासोरांशी हुज्जत घालणार, आणि कशासाठी? बॅरीच्या खोट्यासाठी. त्याला एकदम इतका थकवा आला की टेबलावर डोकं टेकून झोपावंसं वाटलं.

"चूक नाहीये ती, नेव्ह," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वर्ष माझंच आहे."

नेव्हने पत्र पुन्हा जवळ ओढलं.

"तू बीट उपटत होतास," नेव्ह म्हणाला. लहान मुलाला पाढा आठवून द्यावा तसं.

"नव्हतो."

"अर्न्शॉच्या गाड्या ट्रेंटवरून निघायच्या."

"हो."

"मी होतो तिथे."

"पाहिलं मी तुला."

नेव्हने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बॅरीला वाटलं आता हा उठेल, शिव्या देईल, एक ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण नेव्हने पेनाचं टोपण काढलं, कोरा अर्ज पुढे ओढला आणि लिहायला लागला. नाव. जन्मतारीख. देश सोडल्याची तारीख. तो फक्त तारखा विचारत होता आणि बॅरी सांगत होता. चौऱ्याऐंशीच्या रकान्यात त्याने मालकाचं नाव सुट्या अक्षरांत लिहिलं, पेन इतकं दाबून की कागदाच्या मागे उमटलं. एकही रकाना त्याने सोडला नाही. हातात घेतलेला कामगाराचा अर्ज अर्धवट टाकायचा नसतो, हे त्याच्या हाडात होतं.

शेवटची ओळ झाली. पेनाचं टोपण लावून नेव्ह म्हणाला, "त्या ख्रिसमसला तुम्ही आमच्याकडे टर्की पाठवली होती."

"हो."

"आणि पोरांना बूट. तिघांना."

"हो."

"मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. माझा मेहुणा चिखलात बीट उपटतो आणि माझी पोरं जगवतो." त्याने पेन टेबलावर ठेवलं. "मला सांगायला हवं होतंस रे. एक घास खाल्ला नसता मी. पोरांनाही खाऊ दिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," पॉलीन म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. ती हातात ग्रेव्हीचं भांडं घेऊन उभी होती.

"तुला माहीत होतं?" नेव्ह म्हणाला.

"त्याचे कपडे मी धुवायचे, नेव्ह. बीट उपटणाऱ्याच्या शर्टाला डिझेलचा वास येत नाही. आणि नखात माती नाही, काळं तेल. मी काय आंधळी होते?"

"आणि टर्की पाठवलीस? मला? ठाऊक असून?"

"तुझी धाकटी उभी राहिली की भोवळ येऊन पडायची. आठवतं का? की तेवढं विसरलास आणि संपच लक्षात ठेवलास?"

"आपल्या बापाला काय वाटलं असतं..."

"बापाला मध्ये आणू नकोस. बाप त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवला."

नेव्ह उठला. ताटातल्या मांसाला त्याने हात लावला नव्हता. ते ताट त्याने दोन बोटांनी दूर सारलं. अर्ज पिशवीत घातला नाही. बाकी सगळ्यांचे अर्ज त्याच पिशवीतून एका गठ्ठ्याने जात आणि त्यासोबत नेव्हची चिठ्ठी जाई. हा टेबलावरच राहिला.

"सही तुझी तू कर," तो बॅरीला म्हणाला. "टपालातही तूच टाक. आणि शनिवारी येऊ नकोस."

"नेव्ह..." पॉलीन म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग गेला. गाडी सुरू करायला त्याला तीनदा किल्ली फिरवावी लागली.

पॉलीनने ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं आणि भावाच्याच खुर्चीत बसली.

"कधी बोलली नाहीस मला," बॅरी म्हणाला.

"तू बोललास?"

"मला वाटायचं, तुला कळलं तर तू सोडून जाशील."

"आणि मला वाटायचं, तू तोंडाने बोललास तर मला नेव्हला सांगावं लागेल. भाऊ आहे माझा. न बोललेलं आहे तोवर काही झालंच नाही, असं मनाशी धरून चालले." तिने कपाळ चोळलं. "चाळीस वर्षं, बॅरी. एका पलंगावर."

"ते पत्र तू वाचलं होतंस?"

"दहा दिवसांपूर्वी. गळ शोधत होते."

"मग त्याला बोलावलंस कशाला? मी लिहिलं असतं कधीतरी. गुपचूप गेलं असतं."

"तू नसतं लिहिलंस. मी ओळखते तुला." ती ताटाकडे बघत होती. "आणि दमले मी. जेव्हा येतो तेव्हा तो इथे बसतो, 'बॅरीने माझी पोरं जगवली' म्हणतो, आणि मी मान हलवते. वाटलं, आता म्हातारा झालाय. एक शिवी देईल, टेबल आपटेल आणि मग म्हणेल, बटाटे वाढ. खरंच वाटलं रे मला." आणि ती रडायला लागली, अगदी आवाज करून, एप्रन तोंडाशी धरून.

बॅरीने तिच्या पाठीवर हात ठेवला. नेव्ह परत येणार नव्हता. दोघांनाही ते ठाऊक होतं.

थोड्या वेळाने पॉलीनने नाक पुसलं. अर्ज त्याच्यापुढे ओढला, नेव्ह विसरून गेलेलं पेन त्यावर ठेवलं.

"कर सही."

"आत्ता?"

"आत्ताच. भाऊ गेला माझा यात. आता पेन्शन तरी सोडू नकोस."

बॅरीने सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली. पॉलीनने कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"चालेल," ती म्हणाली.